परत आलेला डबा

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गौलीगुड्याच्या गल्लीत सायकलला अडकवलेल्या डब्यांचा आवाज येतो. पूर्ण रिकामा डबा खणखणतो. तळाशी भात किंवा वरण उरलेलं असेल तर तो बद्द वाजतो. पंचवीसहून जास्त वर्षं डबे करते आहे, त्यामुळे झाकण उघडण्याआधीच मला साधारण कळतं की आज लोक जेवले की नाही.

मी देगलूरची. १९९१ साली लग्न होऊन हैदराबादेत आले तेव्हा नांदेडकडच्या गाड्या गौलीगुड्याच्या स्टँडवर थांबायच्या, त्या भल्यामोठ्या अर्धगोल पत्र्याच्या छपराखाली. मूळचं ते निजामाच्या काळातलं विमानाचं हँगर. मराठवाड्यातून शिकायला आलेली मुलं तिथे उतरायची, ट्रंक खांद्यावर घ्यायची आणि पहिल्यांदा मराठी खानावळ कुठे आहे ते विचारायची. १९९४ मध्ये मोठा स्टँड इमलीबनला गेला. ५ जुलै २०१८ रोजी सकाळी ते छप्पर कोसळलं. जागा आधीच रिकामी केलेली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. सासूबाईंची खानावळ त्या स्टँडच्या आणि विवेकवर्धिनी कॉलेजच्या मुलांवर चालायची. पितळी ताटं, वर्षातून दोनदा दारात कल्हईवाला आणि पाटावर मांडी घालून जेवणारी पोरं, असा सगळा थाट. मी आल्यावर मुलं बसून जेवेनाशी झाली, तेव्हा १९९८ मध्ये आम्ही स्टीलचे डबे सुरू केले. चार पुड्यांचा डबा: पोळ्या, भाजी, वरण, भात.

हे सगळं सांगायचं कारण असं की पर्यावरण हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. डबा घासून परत वापरायचा, दोडक्याच्या शिरांची चटणी करायची, शिळ्या पोळीचा कुस्करा करायचा, ही काटकसर होती. तिला दुसरं नाव आहे हे मला माहीत नव्हतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि डबे बंद पडले. जूनपासून हळूहळू फोन येऊ लागले, पण लोकांना घासून परत आलेला स्टीलचा डबा नको होता. भीती होती, आणि ती खरी होती. बेगमबाजारातून काळ्या तळाचे, पारदर्शक झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणले. दीड-पावणेदोन वर्षं तसंच चाललं. खरं सांगायचं तर त्या काळात माझं काम हलकं झालं. घासायचं काही नाही, हरवलेल्या झाकणांची भांडणं नाहीत, डबे पोचवणाऱ्या पोऱ्याला संध्याकाळची फेरी नाही. डबा गेला की गेला. आणि माझी अशी समजूत झाली की सगळे पोटभर जेवताहेत, सगळं संपवताहेत.

२०२२ च्या जानेवारीत मी पुन्हा स्टीलवर आले. प्लॅस्टिकच्या डब्यांचा खर्च वाढला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या ढिगात माझेच काळे डबे गाई चाटताना मी रोज बघत होते. पहिल्या संध्याकाळी ४६ डबे परत आले. बहुतेक डबे बद्द वाजत होते. मी एकेक उघडत गेले. आंबलेलं वरण. एकच घास मोडलेली भाजी. भाताच्या पुड्यात तर मी वाटीने मूद पाडली होती ती तशीच्या तशी, वाटीचा काठ उमटलेली, वरची तुपाची थेंबभर धार थिजून पांढरी झालेली. त्या मुदीला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

तेव्हा मला लख्ख कळलं. पावणेदोन वर्षं हे असंच होत होतं, फक्त माझ्यापर्यंत येत नव्हतं. प्लॅस्टिकचा डबा तोंड बंद करून कचऱ्यात जायचा, आतलं अन्न घेऊन. स्टीलचा डबा परत येतो आणि काय झालं ते दाखवतो. आपण वापरून फेकायच्या वस्तूंबद्दल बोलतो तेव्हा वस्तूचंच बोलतो, तिच्या आत काय फेकलं जातं ते बघतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजीचा तराजू मोरीजवळ लावला. उरलेलं सगळं एका पातेल्यात काढून तोललं: सव्वाचार किलो. महिनाभर रोज तोललं, कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिला. रविवार सोडून महिन्याचे शंभर किलोंच्या वर गेले, आणि त्यातला दोन-तृतीयांश भात होता. शिजलेल्या भाताच्या हिशेबाने मी रोज एक किलो तांदूळ शिजवून फेकत होते. ज्यांनी आयुष्यभर ताटात शीत उरलं तर उठू दिलं नाही त्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हे चाललं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक किलो साळ पिकायला पावसाचं आणि कालव्याचं मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागतं, असं आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सांगते. हा आकडा मला माझ्याकडे डबा घेणाऱ्या, कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने सांगितला. मी तो आमच्या भाषेत मोजला. हैदराबादेत पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनला बबल म्हणतात. अडीच हजार लिटर म्हणजे सव्वाशे बबल. रोज निदान सव्वाशे बबल पाणी मी मोरीत ओतत होते, आणि त्याच वेळी नळाला थेंब पडला तर मुलांवर ओरडत होते. ज्या शहराला कृष्णेचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर लांबून, वीज जाळून चढवून आणावं लागतं, त्या शहरात. तीच मुलगी म्हणाली, “काकू, भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं ना, त्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरदार.” मी भात सोडून द्यावा असं तिचं म्हणणं नव्हतं. तेलंगणात भात सोडा असं कोण म्हणेल? पण जो खायचाच नाही तो शिजवायचा कशाला?

एकट्या माझ्याच मोरीची ही गोष्ट नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं, आणि त्यातलं जवळजवळ ६० टक्के घरांमधलं होतं. हॉटेलं आणि लग्नाचे हॉल यांच्याकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे. बोट घराकडेही वळायला हवं.

उपाय साधा होता. रात्री नऊ वाजता मोबाइलवर सगळ्यांना एक निरोप: उद्या भात हवा का? पहिल्या आठवड्यात कुणी उत्तरच देईना. मग मी निरोप उलटा केला. भात हवा असेल त्यांनी कळवा, नाही कळवलं तर त्या पुड्यात एक जास्तीची पोळी किंवा कोशिंबीर. दोन दिवसांत चित्र बदललं. इथल्या दखनी बोलीत ‘नक्को’ म्हणतात, तो आपलाच ‘नको’ आहे, शेकडो वर्षं या मुलखात मुरलेला. कोठी भागातल्या दुकानात काम करणारा एक पोरगा, कळवायची गरज नसूनही, रोज नेमाने लिहायचा, “काकू, भात नक्को.” एवढ्या एका शब्दाने माझा तांदळाचा डबा महिन्यात सहा-सात दिवस जास्त पुरू लागला. आज उरलेल्याचं वजन एक किलोच्या आत असतं, आणि त्यात बहुतेक लिंबाच्या फोडी आणि मिरच्यांचे देठ.

ज्यांनी भात सोडला त्यांच्यापैकी बरेच जण भाकरी मागायला लागले. इथे मात्र मला घाम फुटला. पोळी लाटून होते. भाकरी थापावी लागते, पाण्याचा हात फिरवावा लागतो, तव्यावरून काढून निखाऱ्यासारख्या आचेवर फुगवावी लागते. शंभर पोळ्या मी तासाभरात करते, शंभर भाकऱ्या माझ्याच्याने होत नाहीत. शेवटी बीदरकडच्या एक मावशी मिळाल्या. त्यांची थाप अशी बसते की चुलीपाशी बसून ऐकत राहावं. आता मंगळवारी आणि शुक्रवारी ज्वारीची भाकरी असते.

देगलूरला माझ्या लहानपणी भात सणाला व्हायचा. पलीकडे तेलंगणातही तसंच होतं असं मावशी सांगतात. तिकडे ज्वारीच्या भाकरीला जोन्न रोट्टे म्हणतात. मग १९८३ मध्ये एन. टी. रामारावांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला. गरिबाच्या पोटात रोज भात गेला, आणि त्याला नावं ठेवायचा कुणालाच अधिकार नाही. पण रेशनवर ज्वारी नव्हती, म्हणून ती शेतातूनही मागे हटली. रब्बीची ज्वारी पाऊस संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती पिकते. कालवा नको, बोअर नको. दाणा माणसाला, कडबा जनावराला.

मावशींच्या ओळखीने मी एकदा संक्रांतीनंतर झहीराबादकडे गेले. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करते आहे. पस्तापूर आणि आसपासच्या गावांतल्या बहुतेक दलित, थोडीशीच जमीन असलेल्या बायकांनी आपलं बियाणं आपल्याच घरात ठेवलं, पडीक रानं पुन्हा ज्वारी-बाजरीखाली आणली, आणि गावातल्या गावात धान्याचं रेशन उभं केलं. २०१९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दरवर्षी त्या बैलगाड्या सजवून जुन्या पिकांची जत्रा काढतात. गाडीवर पाट्यांमध्ये पिवळी ज्वारी, राळा, सावा, तूर, जवस, कुळीथ. एका आजीबाईंनी माझ्या तळहातावर मूठभर पिवळी ज्वारी ठेवली आणि माझी बोटं मिटून वर आपला हात धरला. भाषा मला अर्धी कळली. पण बियाणं कसं द्यायचं असतं ते कळलं.

त्यामुळे मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, आणि दुकानात ज्वारी एकदम चकचकीत पाकिटात आली. पोहे, शेवया, बिस्किटं, पाव किलोच्या पुड्या, आत आणखी एक पुडी. शेतकऱ्याला त्यातलं काय मिळतं ते सोडा, पण पाण्यावाचून पिकलेलं धान्य प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खायचं याला काय अर्थ आहे? गिरणीत सुटी ज्वारी दळून मिळते. कापडी पिशवी न्यावी, वीस मिनिटं पिठाच्या वासात उभं राहावं. पीठ आठ-दहा दिवसांचंच आणावं, नाहीतर विरी जाते आणि भाकरीला चिरा पडतात.

भाजीचंही तेच. पहाटे मी मुसी नदी ओलांडून मीरआलम मंडीत जाते. हंगामात तिथे अंबाडीचे ढीग असतात. इथे तिला गोंगुरा म्हणतात. अंबाडी, ज्वारीची भाकरी आणि लसणाची फोडणी हे जेवण देगलूरचं आणि तेलंगणाचं एकच आहे. उन्हाळ्यात फ्लॉवर मागणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. तूर शक्यतो तांडूरची घेते, जवळची आहे आणि २०२२ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. डाळीचं झाड मुळाशी नत्र धरून ठेवतं, पुढच्या पिकाला खत कमी लागतं. डाळ शिजवण्याआधी तासभर भिजवली की कुकरच्या दोन शिट्ट्या वाचतात. एवढं साधं काम मी किती वर्षं घाईत टाळलं.

प्यायच्या गोष्टींत आम्ही सर्वांत जास्त चुकलो. उन्हाळ्यात डब्याबरोबर पाण्याचं पाकीट द्यायची पद्धत पडली होती. दोन घोट पाणी, आणि त्यासाठी फाडून फेकायची एक पिशवी. ते बंद केलं. घरात पाणी गाळायचं यंत्र आहे. ते एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर सोडून देतं. त्या सोडलेल्या पाण्याखाली बादली लावली, डब्यांची पहिली धुलाई आता त्यावर होते. मार्च ते मे मी आंबील करते: ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी उकळायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. इथे हातगाडीवर तीच ‘अंबली’ म्हणून मिळते. ज्यांच्याकडे स्वतःची बाटली आहे त्यांनाच देते. सुरुवातीला चार जण बाटली पाठवायचे, आता तीसच्या वर.

पत्रावळीचा अनुभव मात्र मनाला लागून राहिला. गणपतीच्या आणि श्राद्धाच्या ऑर्डरींसाठी मी थर्माकोल सोडून पळसाच्या पत्रावळी घ्यायचं ठरवलं. एका ठोक विक्रेत्याने ‘शुद्ध पानाच्या’ म्हणून मशीनवर दाबलेल्या, मागून कागद लावलेल्या पत्रावळी दिल्या. मी विश्वासाने घेतल्या, लोकांना अभिमानाने सांगितल्या, आणि जेवणं झाल्यावर गच्चीवरच्या खताच्या पिंपात टाकल्या. चार महिन्यांनी पिंप उपसलं. पानं गेली होती, कागद गेला होता. हाताला लागला तो एक पातळ, पारदर्शक पापुद्रा. धुऊन उजेडात धरला तर त्यावर पळसाच्या पानाच्या शिरा अगदी स्पष्ट उमटलेल्या होत्या. असे शंभरएक पापुद्रे निघाले. त्या विक्रेत्याला नेऊन दाखवले तर तो म्हणाला, “ताई, पातळ भाजी गळू नये म्हणून लावावंच लागतं.” मग पानाच्या म्हणून का विकतोस, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताट-पेले-चमच्यांवर बंदी आहे. पानाआड लपलेल्या या पापुद्र्याला कोण पकडणार?

आता एक अम्मा काड्यांनी टाचलेल्या, दोन थरांच्या हाताच्या पत्रावळी आणून देतात. विस्तराकु म्हणतात त्या त्यांना. घेण्यापूर्वी मी एक पान पाण्यात भिजवून, चोळून, फाडून बघते. अम्मांना राग येत नाही. त्याच म्हणतात, “चूडु अम्मा, चूडु,” बघ, बघ. पातळ वरण थोडं झिरपतं. खाली केळीचं पान घातलं की झिरपत नाही.

उस्मानिया दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या नातेवाइकांचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. उदगीर, देगलूर, कंधारहून माणसं येतात, मराठी बोलणं ऐकून आमच्या दाराशी येतात. त्यांना डबा परत करायला सांगायचं कोणत्या तोंडाने? कुणाला रात्रीच घरी जावं लागतं, कुणी वाईट बातमी घेऊन जातो. त्यांना मी भाकरी, ठेचा आणि कोरडी भाजी कापडात बांधून देते, शिदोरीसारखी. जुन्या सुती साड्यांचे चौकोन कापून ठेवले आहेत. कापड परत आलं तर आलं. गेल्या वर्षी कंधारच्या एका बाईंनी चार महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती ते धुऊन, घडी करून पाठवलं. आत मूठभर भुईमुगाच्या शेंगा होत्या.

जे उरतं, त्याला जायला जागा हवी. आमच्या वस्तीचं नावच गौळ्यांचं. मी आले तेव्हा जवळच म्हशींचा गोठा होता. तांदळाचं धुवण, भाजीची सालं, उरलेल्या पोळ्या सगळं तिथे जायचं आणि सकाळी दूध यायचं. गोठा गेला, दूध पाकिटातून यायला लागलं, आणि त्याच दिवसापासून आमची सालं कचरा झाली. बोवनपल्लीच्या भाजी बाजारात सडक्या भाजीपासून गॅस आणि वीज करायचा प्रकल्प उभारला गेला. त्यामागचं तंत्र इथल्याच तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचं (आयआयसीटी) आहे. म्हणजे वेगळा ठेवलेला ओला कचरा हे इंधन असतं, मिसळलेला असतो तो उकिरडा. माझं पिंप लहान आहे, पण गच्चीवरचा कढीपत्ता आणि पुदिना त्यावर निघतो.

काल ५८ डबे गेले, ५७ परत आले. एक सोमवारी येईल असा निरोप आहे. तुम्ही कुठेही डबा लावला असेल तर एवढं करा: भात नको असेल तर आदल्या रात्री कळवा, एकच पोळी लागत असेल तर एकच सांगा, आणि डबा परत पाठवताना त्यात जे उरलं असेल ते लाजून कचऱ्यात ओतू नका. तसंच पाठवा. डबा करणारीला ते दिसलं पाहिजे.